जुन्या लहरीवरचा निरोप

भिकाजीने कॉइलचे वेढे मोजले, सातव्यावर खूण केली आणि पक्कड उघडली.

"भावजी, थांबा जरा."

दारात शेजारची नर्मदा उभी होती. माशांची टोपली तिने बाहेरच ठेवली होती, म्हणजे काम गंभीर होतं.

कॉइल ज्या ॲम्प्लिफायरची, तो संदेश दूरवर फेकणारा ॲम्प्लिफायर भंगारात निघालेल्या आगबोटीचा. भिकाजी हा बोटीवरच्या बिनतारी खोलीतून निवृत्त झालेला माणूस. आता त्याला हौशी लोकांसाठीच्या लहरींवर मालवणातून थेट कोलंबोशी गप्पा मारायच्या होत्या, आणि त्यासाठी सात वेढे कापायचे होते. कापले की जहाजांची जुनी लहर कायमची गेली.

"ह्या कापलात काय बोटीवाल्यांका आयकाक येवचा नाय मां?"

"नाय."

"मगे त्याच्या आदी आमच्या ह्यांका एक निरोप धाडा."

तिचा नवरा गंगाराम बारा वर्षांपूर्वी खलाशी म्हणून गेला तो बोटीसकट नाहीसा झाला. नर्मदेने कुंकू पुसलं नव्हतं. आता वाट पाहायची मुदत भरली. सोमवारी भटजी त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा जाळणार होते.

जहाजांच्या लहरीवर हौशी माणसाने तोंड उघडलं तर परवाना जप्त. भिकाजीचा परवाना भिंतीवर गणपतीशेजारी होता. दसऱ्याला दोघांना सारखाच हार. त्याने यंत्रामागे हात घालून बॅटरीची तार गुपचूप काढली आणि मेलेल्या यंत्रावर मोठ्या ऐटीत मोर्सची टकटक केली.

"काय सांगितलात?"

"गंगाराम, घराक ये."

नर्मदेने कपाळावर हात मारला.

"अरे देवा! येव नको म्हणान सांगा. रोज तिन्हीसांजेक येऊन पायरेर बसतत. ओलेचिंब. मी काय एक बोलनंय नाय, गेल्यार पायरी पुसतंय. पण सोमवारी इले आणि आपलाच मढा जळताना बघितल्यानी तर? घाबरतले हो. आदी सांगूक होया."

भिकाजीने एकदा परवान्याकडे पाहिलं. मग वाकून तार जागेवर बसवली. काचेतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले.

"परत कित्या?"

"पयलो निरोप नीट गेलो नाय, वयनी."

"मगे सावकाश सांगा," पदर सावरत नर्मदा म्हणाली. "त्यांका डाव्या कानान कमी आयकाक येता."

भिकाजीने टकटकीचा वेग निम्म्यावर आणला.