कॅल्शियमची गोळी

दोन हजार चारच्या दसऱ्याआधी सोमशेखरच्या आईचा, अव्वाचा, उजवा गुडघा ऑपरेशन करून बदलला. तिला घरी आणलं आणि त्याच आठवड्यात सोमशेखरनं पेपरात बातमी वाचली. दुखण्यावरची एक परदेशी गोळी हृदयाला धोका म्हणून बाजारातनं काढून घेतली होती. शाहूपुरीतल्या आपल्या गुळाच्या अडतीवर बसल्या बसल्या त्याला घाम फुटला. त्याचे वडील याच गादीवर छातीला हात लावून कलंडले होते, आणि त्या गोष्टीला अजून फार काळ लोटला नव्हता.

अव्वाच्या गोळीचं नाव निराळं होतं. पण दुखण्यावरची गोळी म्हणजे सगळी एकच, असं त्यानं धरलं. डॉक्टरांना फोन करावा असं मनात आलं, पण एवढा मोठा माणूस, चिडला तर? अडतीच्या वरच्या मजल्यावर घरी येऊन त्यानं गुपचूप ती पाकिटं फेकून दिली. बायकोला, रुद्राणीलाही, बोलला नाही. गोळी बंद म्हटलं असतं तर अव्वानं घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणून तशीच दिसणारी कॅल्शियमची गोळी आणली आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं तिला देऊ लागला.

व्यायाम करून घ्यायला पवित्रा नावाची मुलगी यायची. ती गुडघ्याला हात लावायच्या आधीच अव्वा पलंगाची कड धरून बसायला लागली.

"आज्जी, परवापेक्षा कमी वाकतंय की! गोळी घेताय न्हवं?"

"घेतेय की गं. पोरगा येळच्या येळी देतोय." अव्वाच्या डोळ्यांत पाणी होतं. "पण लागूच पडंना बघ. विंचू चावला तवा तोंडातनं आवाज काढला न्हवता, आन् आता बघ. लई भित्रं झालंय मन."

सोमशेखर दारातच होता. तो सांगणार होता. पण मग त्याला वडिलांचा काळानिळा चेहरा दिसला आणि तो जिना उतरून खाली गेला. पुढं पुढं तर पवित्राची यायची वेळ झाली की तो मार्केट यार्डात जायचं काम काढायचा. वरनं येणारं कण्हणं ऐकायला नको वाटायचं.

दिवाळीनंतर दाखवायला नेलं, तर डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला आणि अव्वावरच आवाज चढवला. "आजी, व्यायाम चुकवलात तुम्ही. आतून सांधा आखडलाय. आता भूल देऊन वाकवावा लागेल."

"चुकलं माझं," अव्वा खाली मान घालून म्हणाली. "सोसलं न्हाय मला."

तिला अशी खाली मान घातलेली सोमशेखरनं जन्मात बघितली नव्हती.

"तिची चूक न्हाय, डॉक्टर," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी हातातली फाईल खाली ठेवली. "पेपरातली गोळी वेगळी. तुमच्या आईंचं हृदय, किडनी तपासून मी ही थोड्याच दिवसांसाठी दिली होती. दुखणं आवरलं तरच माणूस व्यायाम करतो. शंका आली होती, तर एक फोन करायचा."

परतताना रिक्षा राजारामपुरीत आली. अव्वा म्हणाली, "दुखलं त्याचं काय न्हाय रे. पण रोज पूजेला बसल्यावर शिवाला इचारायची, माझा जीव एवढा कच्चा कसा झाला म्हणून. तू बघत हुतास न्हवं?"



भूल देऊन गुडघा वाकवला. बराच मोकळा झाला, तरी जिना तिला एकेक पायरी करूनच उतरावा लागे. डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या दिल्या. त्या तिनं रुद्राणीच्याच हातनं घेतल्या. सोमशेखर पाण्याचा तांब्या घेऊन आला की म्हणायची, "ठेव तिथं."

संक्रांतीच्या सुमाराला ती काठी टेकत अडतीवर येऊन बसली. कागलचे एक जुने शेतकरी गूळ घेऊन आले होते. "का ओ आक्का, आमच्या पावणीचा गुडघा झकास झालाय. तुमचा असा कसा आखडला?"

सोमशेखरच्या हातातला गुळाचा खडा तसाच राहिला.

"व्यायामाला मीच कटाळले ओ," अव्वा म्हणाली. "पोरानं काय कमी केलं न्हाय माझं."

शेतकऱ्यांनी मान डोलावली. सोमशेखर काहीतरी आणायला म्हणून आतल्या खोलीत गेला आणि गुळाच्या थप्पीला टेकून बराच वेळ तसाच उभा राहिला. बाहेरनं अव्वानं दोनदा हाक मारली.