मेणाचा वास

सनूबरने काठीने पातेल्यातलं रेशीम वर उचललं, तशी मेस्मा तिवईवरून उठलीच.

"लाल? मी काळा सांगितला होता."

"काळाच होणार आहे, वन्सं. खाली लाल असला की वर काळा खोल बसतो. नाहीतर वर्षात विटतो. तुमचेच वडील सांगायचे ना?"

सांगायचे खरे. मेस्मा याच रंगाऱ्यांच्या घरात जन्मली होती. मुलींना ठशांना हात लावायची मुभा नव्हती, पण कानांवर कोण पहारा ठेवणार? ती पुटपुटत पुन्हा बसली.

पांढरं रेशीम ती सकाळी स्वतःच घेऊन आली होती. सनूबरच्या डोक्यावरचा काळा रुमाल कडांना तपकिरी पडला होता. परवा आयपाराचं लग्न, आणि नवरीच्या आईचा काळा असा विटका दिसला तर लोक म्हणतील, बाईचं दुःखही विटलं. माझ्या भावाची शोभा नको, नवा काळा माझ्या डोळ्यांदेखत रंगव, असं तिने उंबऱ्यातूनच फर्मावलं होतं.

बस्गल गावात विधवेने आपला काळा आपल्या हाताने उतरवायचा नसतो. नवऱ्याच्या घरातलं थोरलं माणूस येतं, तो उतरवतं आणि रंगीत केलागायी, म्हणजे छापाचा रेशमी रुमाल, डोक्यावर घालतं. सनूबरच्या नवऱ्याला, तोफिगला, जाऊन वर्ष उलटलं, दुसरंही सरत आलं, तरी त्याच्या थोरल्या बहिणीला, मेस्माला, मुहूर्त सापडत नव्हता. शेजारणींनी आडून आडून सुचवलं. सनूबर स्वतः एकदा हलव्याचं ताट घेऊन गेली. मेस्माने हलवा ठेवून घेतला आणि विषय यंदाच्या अक्रोडांवर नेला.

काळ्यातल्या बाईने नवरीला शिवायचं नसतं. म्हणजे जिने जन्मभर गावातल्या पोरींच्या लाल केलागाया रंगवल्या, तिनेच पोटच्या पोरीच्या वेळी मागच्या भिंतीला टेकून बसायचं, आणि लेकीच्या डोक्यावर लाल रेशीम घालायचं दुसऱ्याच कुणीतरी. तोफिगसाठी ती रडली होती, रंगाच्या वाफेत तोंड घालून, कुणाला दिसणार नाही असं. बहुधा तेच मेस्माला खुपत होतं. पण आता सनूबरला रडू येत नव्हतं, संताप येत होता.

लाल रेशीम अंगणातल्या दोरीवर सुकायला पडलं. दोन पेले चहा आणि तुतीचा मुरंबा पोटात गेल्यावर मेस्माने भिंतीला डोकं टेकलं. डोळ्यांत तेल घालून बसायला आलेल्या बाईचे डोळे मिटले.

सनूबरने मेण आणि राळ चुलीवर ठेवली. सासऱ्यांचा अक्रोडाच्या लाकडाचा ठसा घेतला, मोठ्या कोयरीचा, जो फक्त लग्नाच्या केलागायीवर उठतो. गरम मेणात बुडवून तिने तो लाल रेशमावर टेकवला. मग त्याच्या शेजारी, मग पुढे, पार चारही कोपऱ्यांपर्यंत. लपवायचंच असतं तर तिने हे रात्रीही केलं असतं. मग सगळं रेशीम तिने काळ्या रंगात सोडलं.

मेस्मा जागी झाली तेव्हा वर काढलेलं कापड काळं ठिक्कर होतं. मेणाच्या खपल्याही काळपट दिसत होत्या.

"झालं? दे इकडे."

"अजून उकळत्या पाण्यातून काढायचंय."

पाण्यात मेण सुटलं. त्याखाली काळा पोचलाच नव्हता, म्हणून एकेक कोयरी लालभडक उघडत गेली. सनूबरने केलागायी गार पाण्यातून काढली, झटकली आणि नणंदेसमोर दोन्ही हातांनी ताणून धरली.

"काळाच आहे, वन्सं. तुम्ही सांगितलात तसा."

मेस्माची नजर एका कोयरीवरून दुसरीवर फिरत गेली.

"परवा मी हाच घालणार. आणि आयपाराच्या डोक्यावर केलागायी मी घालणार, तिच्या आईने. कुणाला उठून जायचं असेल त्याने खुशाल जावं."

तिने केलागायी दोरीवर टाकली आणि डोक्यावरच्या जुन्या रुमालाच्या गाठीला हात घातला. गावात असं आजवर कुणी केलं नव्हतं. गाठ सुटू लागली.

"हात खाली घे," मेस्मा म्हणाली.

सनूबरने घेतला नाही.

"खाली घे म्हणते ना. आपला आपण काढायचा नसतो तो." मेस्मा गुडघ्यांवर हात टेकत उठली. दोरीजवळ जाऊन तिने केलागायीची एक लाल कोयरी अंगठ्याने चोळून पाहिली. रंग सुटला नाही. "आणि मेणाचा वास मला झोपेतही कळतो. या घरात वाढलेय मी."

ओलं रेशीम हातावर टाकून ती सनूबरपुढे येऊन उभी राहिली. तिचं डोकं जेमतेम भावजयीच्या खांद्याला लागत होतं.

"जरा वाक."

"नाही वाकणार, वन्सं."

मेस्माने तिच्याकडे वर पाहिलं. मग सकाळपासून जिच्यावर बसून पहारा दिला होता ती तिवई पायानेच ओढून घेतली, आणि सनूबरच्या खांद्याचा आधार घेत वर चढली.