रेघेच्या वीतभर वर

मी उजवीकडचा बोलतोय. पांढऱ्या व्हॅनचा उजवा हेडलाइट. म्हणजे काचेचं ते मोठं घर माझं नव्हे. त्यात मागून खोचलेला बोटभर लांबीचा एलईडी बल्ब, तो मी. माझा जुळा भाऊ डावीकडे आहे. तो काही बोलत नाही. त्याचं बरं आहे.

खरं तर मी बोलावं का, याचीच मला शंका आहे. दिव्यानं दाखवायचं असतं, बोलायचं नसतं. पण जे दाखवायला हवं होतं तेच माझ्याकडून दाखवलं गेलं नाही. तेव्हा ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तो एका खोक्यात. खोक्यावर लिहिलं होतं, 'रात्रीचा दिवस करा'. हे वाचून मला तेव्हाच धडकी भरायला हवी होती. उलट मी फुगलो.

मला घरी आणलं ते धाकट्या दिरानं, आपल्या वहिनीसाठी. ही वहिनी व्हॅन चालवते. घरामागच्या शेडमध्ये इस्पितळाच्या चादरी धुवायच्या, इस्त्री करून गठ्ठे बांधायचे आणि अंधार असतानाच पहाटे पोचवून यायचं, हे तिचं काम. शेजारच्या सीटवर तिची चार वर्षांची लेक ठमी, पट्ट्यानं बांधलेली, अर्धी झोपेत. तिला घरी ठेवणार कुणापाशी? नवरा शीतगृहावर रात्रपाळीला पहारेकरी. तो त्याच वेळी सायकलवरून परतत असतो. पेट्रोल पंपाच्या लख्ख उजेडात दोघांची गाठ पडायची. ही दिवे मिचकावायची, तो घंटी वाजवायचा. आमचा संसार म्हणजे एवढाच, असं ती हसून म्हणायची.

जुने पिवळे दिवे पार मंदावले होते. "भाऊजी, मी गाडी चालवत नाही हो, अंदाज चालवते," ती म्हणाली. "आणि शेजारी ही बसलेली."

तिला सगळ्याचीच भीती. गेटपर्यंत जाऊन परत यायची, कुलूप ओढून बघायची, गॅस बंद आहे ना म्हणून पुन्हा कुलूप उघडायची. वर स्वतःलाच म्हणायची, "अशा बाईला लायसन्स दिलं कुणी?"

रविवारी दुपारी दीर बॉनेट उघडून बसला. फोनवर बघत बघत त्यानं जुना बल्ब काढला आणि मला बसवलं. मला धरून ठेवणारी तारेची क्लिप निसटून इंजिनाच्या पोटात पडली. अर्धा तास तिच्या शोधात गेला. माझ्या पाठीला पंखा आहे, त्यामुळे मागचं रबरी झाकण बसेना.

"भोक पाडू का झाकणाला?"

"पाणी गेलं आत तर?"

"वहिनी, तुम्ही घाबरायचीसुद्धा शिफ्ट लावून घ्या. चोवीस तास कशाला?"

भोक पाडलं. अंधारून आल्यावर व्हॅनचं तोंड अंगणाच्या भिंतीकडे करून ती दहा पावलांवर उभी केली. दिरानं दिव्याची उंची मोजली, भिंतीवर त्याहून चार बोटं खाली खूण केली आणि ठमीच्या हातात खडू दिला. ठमीनं जीभ बाहेर काढून आडवी रेघ मारली. जराशी वाकडी. आणि तिच्या खाली, कुणी सांगितलं नसताना, एक बदक.

मग माझ्या मागचा स्क्रू दिरानं आट्याआट्यानं फिरवला. माझ्या उजेडाची वरची कड बरोबर रेघेवर आली. भावाचीही आली.

"झालं. रेघेच्या खाली आहे तोवर कुणाच्या डोळ्यांत जाणार नाही."

"नक्की ना?"

"स्टॅम्पपेपरवर लिहून देऊ?"

तिनं तीनदा वाकून पाहिलं. इतकी काळजी घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि तरीही चुकलं. कारण तो रविवार होता, आणि व्हॅन रिकामी होती.

सोमवारी पहाटे मागे बत्तीस गठ्ठे चढले. गाडीचं बूड खाली बसलं, नाक वर झालं आणि नाकाबरोबर माझी नजरही. अंगणात विजेचा वेगळा बल्ब असतो, म्हणून मला गेटबाहेर पडल्यावरच लावतात. भिंतीवर काय झालं असतं ते कुणी बघितलंच नाही. रस्त्यावर मी पेटलो आणि मला कळलं. पुढ्यातला रस्ता काळा, आणि उजेड सगळा झाडांवर.

ती मात्र खूश. "बघ ठमे, शेंड्यावरचं घरटंसुद्धा दिसतंय!"

मी ओरडायचा प्रयत्न केला. पण माझं ओरडणं म्हणजे उजेडच. तेच तर नको होतं.

चौथ्या दिवशी इस्पितळातून फोन आला, चादरी लवकर हव्यात. ती पंधरा मिनिटं आधी निघाली. त्यामुळे नवऱ्याची गाठ पंपापाशी पडणार नव्हती, अरुंद पुलापाशी पडणार होती. तिथे एकही दिवा नाही. पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक सायकल मला दिसली, तिच्याआधी. सायकलवरचा हात डोळ्यांवर गेला. चाक वळलं. मग तिथे कुणी नव्हतं. काठाखालच्या दगडांवर माझा उजेड पोचत नाही. तिनं पूल ओलांडला आणि म्हणाली, "आज बाबा चुकले वाटतं आपले."

त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. दुपारी त्याला याच व्हॅनमधून घरी आणलं तेव्हा तो सांगत होता, "ट्रक असणार. तोंडावर सूर्य पेटवल्यासारखं झालं."

"मेल्याला समोरचा माणूस दिसत नाही?" ती स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाली. "यांना घरी बायकापोरं नसतात का?"

मी त्यांच्या पुढेच होतो, दोन हातांवर, विझलेला. दीड महिना तो गळ्यात पट्टा अडकवून घरी बसला. दीड महिना ती त्या ट्रकवाल्याला शिव्या देत भाजी चिरत राहिली, आणि रोज पहाटे मला घेऊन त्याच पुलावरून जात राहिली. पुलावर माणसं असायची. दूधवाला असायचा. हात डोळ्यांवर जायचे. झाकणाच्या भोकातून दमट हवा आत येते. माझ्या काचेच्या आत एक थेंब जमलाय. तो माझ्यावर पडावा आणि मी कायमचं विझावं, याचीच मी वाट बघत होतो. थेंबही पडेना.

काल रात्री तो पहिल्यांदा पुन्हा कामावर गेला. सायकलवरून.

आज पहाटे वीज गेली. अंगण काळंकुट्ट. म्हणून गठ्ठे भरण्यापुरतं तिनं मला पेटवलं. माझा उजेड भिंतीवर पडला, बरोबर रेघेवर. ठमी पायरीवर चादर पांघरून बसली होती. पाच गठ्ठे चढले. दहा.

"आई, उजेड वर चढतोय."

"बस तिथेच. पडशील."

वीस.

"आई, माझी रेघपण बुडाली उजेडात. बदकासारखी."

"ठमे, उशीर होतोय गं..." असं म्हणत तिनं मान वळवली, आणि हातातला गठ्ठा तसाच राहिला. तिनं रेघ बघितली. रेघेच्या वीतभर वर माझी कड बघितली. हळूच गठ्ठा आत ठेवला. कड आणखी केसभर वर सरकली.

भिंतीवर ती वीत होती. पुलावर ती माणसाच्या डोळ्यांपर्यंत जात होती. हे तिला मोजावं लागलं नाही. तिनं मला विझवलं आणि त्याला फोन लावला. एकदा, दोनदा, पाच वेळा. सायकलवर असताना फोन उचलायचा नाही, ही शपथ तिनंच घातलेली. मग ती पायरीवर बसली, ठमीला मांडीवर घेऊन. इस्पितळाचे दोन फोन वाजून थांबले.

गेटबाहेर घंटी वाजली.

"अगं, गाडी अजून इथेच? बरं नाही का?"

"अहो," ती म्हणाली, "तो ट्रकवाला..."

"त्याचं काय? सापडला?"

ती उठली, आत वाकली आणि बटण दाबलं. "भिंतीकडे बघा."

तो बघतोय. खांद्यावर हात गेलाय त्याचा. ती त्याच्याकडे बघतेय. ठमी दोघांकडे. स्क्रू माझ्या मागेच आहे, दोन आटे खाली, एवढंच काम. पण हलत कुणीच नाही.

कुणीतरी बोला हो. नाहीतर मला विझवा तरी.