दातांतल्या टाचण्या

मित्रांनो, मी जुना झालो आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी टेपरेकॉर्डर. लाल बटण दाबले की ऐकतो, शेजारचे दाबले की ऐकलेले परत बोलतो. मला स्वतःचे असे मत नाही.

कारखान्यात माझे स्क्रू पिळले गेले. पहिली काही वर्षे एका कचेरीत गेली. साहेबांची भाषणे माझ्यात भरली जात आणि नंतर ती कुणीही ऐकत नसे. “काय खणखणीत वाजतो!” असे माझे कौतुक झाले. मग नवे यंत्र आले आणि मी कपाटावर गेलो. वाईट वाटले का, ते आठवत नाही. धूळ बसली, एवढे आठवते.

तिथून मला आवाजाच्या बाईंनी नेले. बाई म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या. अडखळत बोलणारी मुले, घसा बसलेले मास्तर त्यांच्याकडे येत. एक दिवस शिवणाच्या दुकानात काम करणारी ताई आली. जन्मली तेव्हा घरच्यांनी तिला मुलगा मानले होते. आपण बाई आहोत हे तिला ठाऊक होते, आणि आता ती तशीच राहत होती. पण वयात येताना फुटलेला जाड आवाज काही गेला नव्हता.

“फोनवर मला सगळे दादा म्हणतात,” ती म्हणाली. रडली नाही. भाजीचा भाव सांगावा तसे सांगितले. “मालकीणबाई म्हणतात, महिनाअखेरपर्यंत फोन घ्यायला लाग, नाहीतर मागच्या खोलीत बटणं लावत बस. त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही.”

“आवाज वर ओढू नकोस, घसा धरेल,” बाई म्हणाल्या. “पुढे आण, ओठांपाशी. ओठ मिटून गुणगुण, मग त्याच जागेवरून बोल.” आणि सरावासाठी मला तिच्या पिशवीत घातले.

तीन आठवडे मी शिलाई मशीनशेजारी बसलो. ताई काम करता करता तेच वाक्य म्हणे, “नमस्कार, बोला, काय शिवायचंय?” दर आठवड्याला बाई ऐकत आणि कपाळाला आठ्या घालत. बाईंच्या खोलीत ताईचा आवाज मोकळा येई. दुकानात भरलेला मात्र डब्यात कोंडल्यासारखा.

“यंत्रच म्हातारं झालंय,” ताई म्हणाली. आळ माझ्यावर आला. मी ऐकून घेतला. तेच माझे काम.

चौथ्या खेपेला बाईंनी मला कानाशी धरले. “मध्येच टिकटिक काय वाजतंय?”

“टाचण्या असतील. दातांत धरते ना मी, हात मोकळे राहतात.”

“अगं, जबडा आवळून बोलतेस होय! आणि आपण बिचाऱ्या यंत्राला बोल लावतोय!”

“सगळे शिंपी अशाच धरतात, बाई. गिऱ्हाइकाशी बोलतातही.”

“बोलत नाहीत गं, नुसते हुं हुं करतात.”

त्या दिवशी ताईने मनगटावर कापसाची उशी बांधली आणि टाचण्या तिच्यात खोचल्या.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. माझे लाल बटण दाबलेले होते. फोन वाजला. मालकीणबाई कापड बेतत होत्या. “घे गं, मी काही उठत नाही,” त्या म्हणाल्या.

ताईने फोन घेतला. “नमस्कार, बोला.”

पलीकडचा माणूस इतका मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आले. “ताई, माझा कोट झाला का?”

“झालाय. बाह्या तेवढ्या राहिल्यात.”

“बाह्यांशिवाय कोट झाला म्हणता?”

“उद्या या, बाह्यांसकट न्या म्हणते.” तिने फोन ठेवला.

“काय म्हणालं गिऱ्हाईक?” मालकीणबाईंनी विचारले.

“बाह्यांवरून भांडलं.”

“तुला काय म्हणालं, ते विचारतेय.”

“ताई म्हणालं.”

“मग? कसं वाटलं?”

ताईने मनगटावरच्या उशीतली एक टाचणी नीट खोचली. “काहीच नाही वाटलं. फोन आला, घेतला, ठेवला.”

मालकीणबाईंनी पायाने स्टूल खिडकीजवळच्या फोनकडे सरकवले. “मग इथेच बस.” ताई बसली आणि कोटाच्या बाह्या हाती घेतल्या.

मित्रांनो, आता मी बाईंच्या फळीवर असतो. फीत घासली आहे. ताई माझ्यामुळे बाई झाली नाही, ती आधीपासून होतीच. तिला फक्त खिडकीपाशी बसायचे होते. मला नीट ठेवायचे तर माझ्या आतला भाग कापसाने पुसावा लागतो, फीत उन्हापासून जपावी लागते. माणसाला एवढे काही लागत नाही. त्याने सांगितले तशी त्याला हाक मारा, पहिल्याच वेळी. तेवढे करा.