मारल्यावर चालणारा संगणक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. वयाने नाही, मार खाऊन जुना झालो. माझ्या डाव्या पत्र्याला खळगा पडला आहे, वरचा कोपरा आत दबला आहे आणि पुढच्या बटणाला चीर गेली आहे. मला पाहणारा प्रत्येक जण विचारतो, "हा भंगारात घेतला का?" नाही. मी नवा कोरा घेतलेला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. माझा एकेक अवयव वेगळ्या खोक्यातून आला. जळगावात मेहरूणला युवराज नावाच्या माणसाचे संगणकाचे दुकान आहे. त्याने ते सगळे अवयव जोडून मला उभे केले. मला मागवले होते त्याच शहरातल्या पिंप्राळ्याच्या मोतीलालने. मोतीलाल लग्नांचे शूटिंग करतो आणि त्याची बायको हेमलता मिक्सिंग करते. मिक्सिंग म्हणजे चार दिवसांचे लग्न कापून, जोडून, गाणी घालून तीन तासांचे करणे. त्या कामाला दमदार संगणक लागतो. मी दमदार होतो. युवराजने मला मन लावून बांधले होते.

पण आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खानदेशात दिवाळीहून मोठा सण. नवी वस्तू त्या दिवशी घरात यायलाच हवी. युवराजचे काम अजून संपले नव्हते. माझ्यात आठवणीची एक पट्टी बसवायची राहिली होती. तिला रॅम म्हणतात. संगणक जे काम करत असतो ते तेवढ्यापुरते त्या पट्टीवर धरून ठेवतो. पण मोतीलालचे फोनवर फोन सुरू झाले. "मुहूर्त टळतो आहे रे, आहे तसा घेऊन ये!" शेवटी युवराजने मला उघडाच स्कूटरवर पायांमध्ये धरून आणले.

मोतीलालने माझ्या पत्र्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, नारळ फोडला आणि अक्षतांची मूठ उचलली.

"भाऊ, थांबा, झाकण तरी लावू द्या," युवराज म्हणाला.

"देवाला काय पत्रा आडवा येतो का रे?" असे म्हणून मोतीलालने मूठभर अक्षता माझ्या उघड्या पोटात टाकल्या. हेमलतेनेही टाकल्या. सगळे हसत होते. युवराजने एकेक दाणा वेचला, फुंकर मारली, पुन्हा वेचला. पण कुंकवाने लाल झालेला एक दाणा त्या रिकाम्या खाचेत जाऊन बसला होता. तो कोणालाच दिसला नाही. युवराजने वरून पट्टी दाबली. एका बाजूचा खटका वाजला. दुसऱ्या बाजूचा वाजल्यासारखा वाटला.

मित्रांनो, मला बोलता आले असते तर मी तेव्हाच सांगितले असते. मला फक्त शिट्टी वाजवता येते. आत काही बिघडले की मी लांब शिट्टी वाजवतो. ती ऐकून काय बिघडले हे जाणत्याला कळते. बाकीच्यांना नुसता राग येतो.

काही दिवस बरे गेले. मग लग्नसराई भरात आली. ऊन असे की पंखा लावला तरी भट्टीतला वारा यावा. एके दुपारी मोतीलालने माझे बटण दाबले. माझे पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. मी शिट्टी वाजवली. त्याने पुन्हा दाबले. मी पुन्हा शिट्टी वाजवली. त्याने मला एक सणसणीत थप्पड मारली.

आणि मी चालू झालो.

त्या दिवशी माझे नशीब फुटले. थप्पडेने पट्टी जराशी हलली होती आणि दाण्यावरून सरकून जागेवर टेकली होती, एवढेच. पण मोतीलालला वाटले, त्याला विद्या सापडली. येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, "आमच्या मशीनला दोन ठेवून दिल्या की सुरू होतं. बायकोपेक्षा बरं, उलटून बोलत नाही." गिऱ्हाइके हसायची. हेमलता हसायची नाही.

पट्टी रोज हलायची. कधी मी चालूच व्हायचो नाही. कधी चालता चालता निळा पडदा टाकून मरून पडायचो. हेमलतेचे सकाळपासूनचे काम एका क्षणात जायचे. मग मोतीलाल यायचा. आधी तळहात होता, मग मूठ आली, मग चप्पल, मग लाथ.

"मशीन आहे का बैल?" हेमलता म्हणायची.

"बैल बरा. त्याला एक रट्टा पुरतो."

त्यांनी मला स्कूटरवर घालून मेहरूणला नेले. रस्त्यातल्या खड्ड्यांनी पट्टी इतकी नीट बसली की युवराजच्या दुकानात मी दिवसभर एकदाही अडलो नाही. "भाऊ, हा तर ठणठणीत आहे," तो म्हणाला. पिंप्राळ्यात परत आणून टेबलाखाली ठेवताना पुन्हा धक्का बसला आणि मी पुन्हा मुका झालो. दुसऱ्यांदाही तसेच झाले. मग मोतीलालने युवराजलाच घरी बोलावले.

"तुझ्या दुकानात चालतो आणि माझ्या घरात मरतो? माझं घर काय स्मशान आहे का? जुना माल घातलास तू यात."

"भाऊ, आईची शपथ, सगळा नवा आहे. मला एकदा उघडून..."

"उघडून आणखी काढून घेणार काय?"

युवराज पेचकस घेऊन माझ्याजवळ वाकला. मोतीलालच्या हातात हेल्मेट होते. त्याने ते फिरवून युवराजच्या तोंडावर घातले. युवराजचा ओठ दातांपर्यंत फाटला. रक्त माझ्या पत्र्यावरून ओघळले. तो तोंडाला रुमाल लावून उठला आणि गेला. त्याचा पेचकस तिथेच पडून राहिला. हेमलतेने माझा पत्रा पुसला, पण जाळीत गेलेले रक्त तिला काढता आले नाही.

त्यानंतर जीवराम नाना आले.

नाना शिरपूरच्या पलीकडचे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचे. पावसाच्या भरवशावरची शेती करणारा माणूस. त्यांची मुलगी आखाजीनंतर पिंप्राळ्यात दिली होती. त्या लग्नाचे शूटिंग मोतीलालने केले होते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नानांची बायको द्रौपदाबाई शेतात ऊन लागून गेली. दवाखान्यात पोचेपर्यंतही टिकली नाही. दिवसपाणी उरकल्यावर नाना एसटीने आले आणि दाराच्या पायरीवर बसले.

"लग्नामा ती शे ना," ते हेमलतेला म्हणाले. "माले तेवढी दखाड, बैन. घरमा तिना एक फोटो शे, तो बी रेशनकार्डना."

हेमलतेचा चेहरा उतरला. कॅमेऱ्याची कार्डे केव्हाच पुसून दुसऱ्या लग्नांना वापरली गेली होती. तिने माझ्याकडे बोट दाखवले. "नाना, ते आता फक्त याच्यात आहे. दुसरीकडे कुठेच नाही. आणि हा चालत नाही."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. तोपर्यंत माझ्याकडे कोणी तसे पाहिले नव्हते. बिघडलेल्या वस्तूकडे माणसे अशी पाहत नाहीत. आजारी माणसाच्या खाटेशी बसून पाहावे, तसे ते पाहत होते.

हेमलता म्हणाली ते खरेच होते, मित्रांनो. माझ्या आत एक चकती गरगर फिरते आणि तिच्यावरून केसाइतक्या अंतरावर एक सुई धावते. द्रौपदाबाई त्या चकतीवर होती. मला लाथ बसली की सुई चकतीवर आपटायची आणि तिथे जे असेल ते खरवडून जायचे. हे मोतीलालला माहीत नव्हते. ज्याला विचारायचे त्याचा ओठ त्याने फोडला होता.

"नाना, काळजी नका करू, आता सुरू करून देतो," मोतीलाल म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला नानांची दया आली होती. पण दया आली तरी त्याला येत होते ते एकच. त्याने बटण दाबले. मी शिट्टी वाजवली. त्याने थप्पड मारली. मी सुरू झालो, नानांचे डोळे चमकले, आणि लगेच निळा पडदा पडला. पाहुण्यासमोर अपमान झाला. मोतीलालचे डोके फिरले. त्याने लाथ घातली. मग आतल्या मोरीतून कपड्यांचे धोपटणे आणले आणि माझ्या माथ्यावर हाणले. माझा कोपरा आत गेला. आत सुई आपटल्याचा कर्र आवाज झाला.

"अहो, पुरे! त्यात नानांचं..." हेमलता ओरडली. त्याने तिला कोपराने ढकलले.

दुसरा घाव पडायच्या आत नानांनी त्याचे मनगट धरले. मोतीलालने झटका दिला. नाना कॅमेऱ्याच्या तिपाईवर कोसळले आणि त्यांचे कपाळ फुटले. रक्त डोळ्यात उतरले. पण ते उठले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मोतीलालचा गळा धरला. नांगर धरणारे हात होते ते. मोतीलालचे डोळे बाहेर आले, तोंडातून लाळ आली. दोघे टेबलावर आदळले. टेबल उलटले, पडदा फुटून काचा सगळीकडे उडाल्या, मी आडवा पडलो. मोतीलालने नानांच्या पोटात गुडघा मारला आणि हात सोडवला. हातात धोपटणे तसेच होते. आता तो कोणाला मारतो आहे हे त्यालाच कळत नव्हते. त्याने ते माझ्यावर उगारले.

नाना माझ्यावर पालथे पडले. घाव त्यांच्या पाठीत बसला. दुसराही तिथेच बसला. हाड वाजलेले मी ऐकले.

"माले मार!" ते ओरडले. "तिले मारू नको! त्यामा मनी बायको शे!"

तिसऱ्यांदा धोपटणे वर गेले ते हेमलतेने मागून धरले. पूर्ण ताकदीने ओढून तिने ते दाराबाहेर भिरकावले आणि तिपाईचा मोडलेला पाय हातात घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली.

"आता हात उचलून दाखवा."

मोतीलालने हात उचलला नाही. तो भिंतीला टेकून खाली बसला. खोलीत फक्त माझे पंखे फिरत होते आणि नाना माझ्यावर पडून कण्हत होते. त्यांचे रक्त माझ्या पत्र्यावर गरम लागत होते.

हेमलतेने नानांच्या कपाळाला फडके बांधले आणि युवराजला फोन लावला.

"वहिनी, मी येणार नाही," तो पलीकडून म्हणाला. फाटक्या ओठामुळे त्याचे बोलणे अजून बोबडे येत होते. "तुमच्या घरी यायला मला आता चिलखत लागेल."

"येऊ नका. नुसतं सांगा. मी करते."

तो मग म्हणाला, "आधी वायर काढा. कोणत्या शिट्ट्या वाजवतो तो?"

तोपर्यंत कोणी हे विचारलेच नव्हते. तिने सांगितले. "लांब शिट्टी? मग रॅमची पट्टी आहे. खटके सोडा, पट्टी सरळ वर ओढा, खोडरबराने तिचे सोनेरी दात पुसा."

तिने त्याच्याच पेचकसाने माझे झाकण काढले, पट्टी ओढली आणि खाचेत डोकावली. मग केसातला आकडा काढून हळूच टोचला. चपटा झालेला, लाल दाणा तिच्या तळहातावर पडला.

"यात तांदूळ आहे," ती म्हणाली.

"तांदूळ?" फोनमधून आवाज आला. "अरे देवा. आखाजीचा!"

मोतीलालने तो दाणा पाहिला आणि तोंड फिरवले. मग उठून त्याने स्कूटरची किल्ली घेतली, नानांना हाताला धरून उठवले आणि दवाखान्यात टाके घालायला नेले. जाताना नाना हेमलतेला म्हणाले, "मी येस तवलोंग तिले एकली सोडू नको."

ते परत आले तेव्हा शेजाऱ्याचा पडदा आणून मला जोडलेला होता. हेमलतेने बटण दाबले. मी एकही थप्पड न खाता चालू झालो. पण चकतीतून कर्र कर्र येत होते. लग्नातली हळद उरली नव्हती. मंगलाष्टके नव्हती. वरातीत चेहऱ्यांच्या जागी राखाडी चौकोन होते. हेमलता एकेक तुकडा उघडत गेली आणि नाना एकेकाला मान हलवत गेले. द्रौपदाबाई कुठेच नव्हती.

मग स्वयंपाकाचा एक लहानसा तुकडा उघडला. चुलीपाशी एक काळीसावळी बाई भाकरी थापत होती. कॅमेरा जवळ आला तशी तिने मान वर केली आणि कपाळावर आठ्या घातल्या.

"माले काय काढस रे भाऊ? जाय तिकडे! बठ्ठास्ले जेवाडू दे ना!"

आणि सगळ्यांना जेवू घालायच्या घाईतला तो पिठाचा तळहात कॅमेऱ्यावर आला. पडदा पांढरा झाला. संपले. तेवढेच उरले होते.

नाना हसले. फुटलेल्या कपाळाने, मोडलेल्या बरगडीने हसले, आणि बरगडी दुखली म्हणून कळवळले. "बोलनी का नही!" ते मोतीलालला म्हणाले. "तुले बी बोलनी!"

मोतीलालने मान खाली घातली.

"नाना, मी शेवटचा पांढरा भाग कापते," हेमलता म्हणाली. "मागे एखादं चांगलं गाणं घालते."

"काही काढू नको. काही घालू नको. अशीच व्हती ती."

मी तो तुकडा त्यांच्या मोबाइलमध्ये उतरवून दिला. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात लहान काम होते आणि सगळ्यात मोठे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू अडली, तर हात खाली ठेवा. ती काय सांगते आहे ते ऐका. कळले नाही तर जाणत्याला विचारा आणि त्याला बोलू द्या. मारल्यावर एखादी वस्तू चालू होतेही. तसे झाले तर जास्त घाबरा. आणि एवढे करूनही हात उगारावासा वाटलाच, तर आधी घरात सगळ्यांना विचारून घ्या, की त्या वस्तूत कोणाचे माणूस तर नाही ना.