आलोइस ट्रन्का यांचा एका शब्दाचा निरोप

सुज्ञ वाचकहो, महायुद्धोत्तर व्हिएन्ना नगरीतील चित्रपट-नट आलोइस ट्रन्का यांच्या कारकिर्दीस ज्या एका शब्दाने कलाटणी दिली, त्याचे यथामती कथन येथे आरंभितो.

युद्ध संपून दशक लोटले होते. परकीय सैन्ये माघारी गेली. ट्रन्का मात्र प्रत्येक चित्रपटात कॉफी आणून देणारे वेटरच राहिले. मुख्य भूमिका प्रथमच लाभली ती युद्धावर निघालेल्या पतीची. चित्रपटात त्यांची पत्नी झालेली वाल्बुर्गा झेमान ही नाट्यशाळेपासूनची मैत्रीण. हांबुर्गहून आलेले दिग्दर्शक ब्रुगमान यांनी बजावले होते, "आज निरोप जमला नाही, तर उद्या बर्लिनचा नट येतोय. तुम्ही परत तुमचा ट्रे उचला."

निरोपाचे भाषण पानभर होते. ट्रन्का ते म्हणू लागले की कंठातून वेटरच बोले.

"अहो, बायकोचा निरोप घेताय की ऑर्डर?" ब्रुगमान कडाडले. सारे खिदळले.

वाल्बुर्गा त्यांना लाडाच्या नावाने हाक मारीत कुजबुजली, "लॉइस्ल, अरे, तू खरंच लढाईवर गेलास तेव्हा तुझ्या बायकोला, रेझीला, काय म्हणालास?"

"काही नाही गं. 'सेर्वुस' म्हणालो. परत आलो तेव्हा ना घर, ना रेझी."

"मग तेच म्हण. फार तर काय, हाकलतील!"

कॅमेरा सुरू झाला. ट्रन्का दाराशी गेले, वळले, संपूर्ण भाषण गिळून केवळ म्हणाले, "सेर्वुस."

नकळत वाल्बुर्गाचे बाहू स्वागतास उघडले आणि तसेच अधांतरी राहिले.

"थांबवा! जाणारा माणूस 'सेर्वुस' म्हणतो होय? ते तर 'आलो बरं का' झालं!" ब्रुगमान ओरडले.

वरून दिवेवाला म्हणाला, "साहेब, आमच्यात जातानाही तेच म्हणतात."

"आणि येताना?"

"येतानाही तेच."

"मग त्या बाईला कळायचं कसं, नवरा आला की गेला?"

"तेच तर कळत नाही, साहेब," वाल्बुर्गा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून आता अश्रू वाहत होते.

आपण मराठी माणसेही निघताना 'येतो'च म्हणतो. पण उत्तरेकडून आलेल्या ब्रुगमान यांस हे आयुष्यात प्रथमच उमगत होते. अखेरीस ते हलक्या स्वरात म्हणाले, "बर्लिनला तार करा. येऊ नका म्हणावं."



वाचकांचे मनःपूर्वक आभार मानून लेखणी ठेवितो.

आपला नम्र,
दिगंबर सखाराम खोपकर, व्हिएन्ना