पिठाचे डोळे

बेकरीवाल्याच्या घरात लाल डोळ्यांचा एकच अर्थ होता, आणि तो त्याच्या आईने लावलेला होता.

त्याचे वडील त्याच बेकरीत आयुष्यभर पीठ मळत आले. पहाटे जायचे, उन्हं वर आली की परतायचे, तेव्हा डोळे तांबारलेले, पापण्या सुजलेल्या, चेहरा ओढलेला. जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. गल्लीतली पोरं त्यांना ‘तांबडोबा’ म्हणत. तोंडाला आंबूस वास येई. एकदा आईने धुवायला घेतलेल्या सदऱ्याच्या खिशात डोळे पांढरे करणाऱ्या थेंबांची बाटली सापडली, तेव्हा तिची खात्रीच पटली. लपवायची सोय करून ठेवली आहे, म्हणजे लपवण्यासारखं काहीतरी आहे.

“पिठानं होतं गं,” ते म्हणत.

“पीठ सगळ्यांच्याच डोळ्यांत जातं. तिथे आणखी चौघं मळतात. त्यांचे होतात का असे?”

ते भिंतीकडे कूस बदलत. आणि तिच्याजवळ तर पुरावा होता. बेकरी बंद असली, सलग दोन दिवस सुट्टी आली, की त्यांचे डोळे लहान मुलासारखे स्वच्छ दिसत. “बघ,” ती मुलाला त्यांच्यादेखत सांगे, “मनात आणलं तर राहता येतं माणसाला. सुट्टीच्या दिवशी घरात आम्ही असतो ना, म्हणून लाज वाटते.”

एके दिवशी तिने त्यांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पुन्हा दारूला शिवणार नाही म्हणा. त्यांनी पोराच्या केसांवर हात ठेवला. मग म्हणाले, “नाही शिवणार.” दुसऱ्या दिवशी बेकरीतून आले ते पुन्हा तसेच, तांबडेलाल. पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस, म्हणून आईने त्या दिवसापासून त्यांचं अंथरूण बाहेरच्या खोलीत टाकलं. वाढायची, कपडे धुवायची, आजारपण काढायची. बोलायची मात्र कामापुरतं. मुलगाही तिच्याच बाजूने वाढला. ज्या घरात एकच जण बोलतो, तिथे पोरं त्याच्याच बाजूची होतात.

म्हातारपणी गुडघे गेले तसे वडील घरी बसले, आणि महिन्याभरात त्यांचे डोळे निवळले ते कायमचेच. आईच्या आयुष्यातला तो मोठा विजय. शेजारपाजारच्या बायका नवऱ्यांची गाऱ्हाणी घेऊन तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या. ती सांगे, “नेट लावावा लागतो. मी सोडवली की नाही?” वडील तिथेच खुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेले असत. कुणी त्यांच्याकडे पाहिलंच, तर मान डोलवून म्हणत, “हो. हिनंच सोडवली.”

गेल्या वर्षी ते वारले. माणूस शेवटी सुधारून गेला, असं लोक म्हणाले.

मुलगा तोवर गल्ल्यावर बसायचा. वडिलांच्या जागी ठेवलेला माणूस काम सोडून गेला, तेव्हा तो स्वतः मळायला उभा राहिला. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग हळूहळू डोळ्यांच्या कोपऱ्यांत खाज सुटायला लागली. चोळलं की बरं वाटे, आणि घटकाभराने दुप्पट सुटे. पाणी गळे. सकाळच्या कामानंतर पापण्या जड होत आणि डोळ्यांतून पांढरट, चिकट दोरा निघे. आरशात पाहिलं तेव्हा त्याला स्वतःचा चेहरा दिसला नाही, बापाचा दिसला.

आईला तो त्याच्या आधीच दिसला होता. “खाण तशी माती,” ती सुनेला म्हणाली. “मी तुला शिकवायला नको, पण तोंडाचा वास घेऊन बघ.”

बायकोने वास घेतला. आंबूस होता.

“अहो, मला खरं सांगा,” ती म्हणाली. “मी भांडणार नाही.”

“काय खरं सांगू? चहाशिवाय काही घेत नाही मी.”

“बाबाही असंच म्हणायचे ना?” तिने पोरीच्या शाळेच्या डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. “हे बघा, आईंनी काढला तसा जन्म मी काढणार नाही. माझ्यात तेवढा दम नाही. या सुट्टीत पोरीला घेऊन भावाकडे जाईन, आणि मग शाळाही तिथेच बघेन. धमकी नाही देत. आधी सांगून ठेवते.”

ती खरंच धमकी देत नव्हती. कपाटावरची बॅग खाली काढून तिने धूळ पुसून ठेवली होती. म्हणून बेकरीवाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. बरं व्हायला नव्हे, सुटायला.

डॉक्टरीणबाई घाईतल्या पण लक्ष देणाऱ्या होत्या. त्यांनी त्याची हनुवटी यंत्रावर टेकवली, वरची पापणी चिमटीत धरून उलटी केली आणि दिवा जवळ आणला.

“आत बारीक बारीक पुरळ आहे. खाज जास्त की दुखतं जास्त?”

“खाज. जीव जातो नुसता.”

“दोन्ही डोळ्यांना?”

“दोन्ही.”

“मग हे डोळे येणं नाही. त्यात सकाळी पिवळी घाण येऊन डोळे चिकटतात, आधी एक बिघडतो मग दुसरा. तुमची ही ॲलर्जी. चोळणं आधी बंद करा, चोळून वाढतं.” त्यांनी दिवा बाजूला केला. “आता चोर शोधू. वर्षातल्या ठरावीक दिवसांतच होतं का? झाडं फुलतात तेव्हा?”

“नाही, बारा महिने.”

“म्हणजे पराग नाही. मग घरातली धूळ, गादीतले किडे? त्यानं उठल्या उठल्या जास्त होतं.”

“उठल्यावर बरं असतं. कामावर वाढतं.”

“मांजर आहे? डोळ्यांत लेन्स घालता? डोळ्याला काही लावता, क्रीम, औषध?”

“मांजर नाही. लेन्सही नाही. बेकरी आहे.”

बाईंनी लिहायचं थांबवलं. “सुट्टीच्या दिवशी कसं असतं?”

हा प्रश्न त्याने आयुष्यभर ऐकला होता, पण आईच्या तोंडून, आणि तो प्रश्न कधीच नव्हता.

“सलग दोन दिवस बंद असली तर साफ असतात,” तो म्हणाला.

“तेच तर. कामावर वाढतं, सुट्टीत उतरतं, ही पिठाच्या ॲलर्जीची खूणच आहे. बऱ्याच बेकरीवाल्यांना होते.”

“पण माझ्याकडे आणखी माणसं मळतात. त्यांना का नाही?”

“सगळ्यांना होत नाही. पीठ तेच असतं, शरीर वेगळं असतं. एखाद्याचं शरीर एक दिवस ठरवतं की हा शत्रू, आणि मग ऐकत नाही.” त्यांनी पुन्हा पेन उचललं. “हे घराण्यात असू शकतं. आईला, वडिलांना कुणाला होतं का असं?”

“नाही,” त्याने सवयीने सांगून टाकलं. “वडील तर…”

पुढचा शब्द जिभेवर आला होता. तो तसाच राहिला. बाई वाट बघत होत्या.

“वडील बेकरीतच होते,” तो म्हणाला.

पलीकडच्या खोलीत त्याच्या हातावर निरनिराळे थेंब टाकून सुईने टोचलं गेलं. बाकीच्या जागा तशाच राहिल्या. पिठाच्या जागी डास चावल्यासारखी लाल, टपोरी सूज आली. बाईंनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले, मळताना घालायचा बंदिस्त चष्मा आणि तोंडाला पट्टी सांगितली, गार पाण्याच्या घड्या ठेवायला सांगितल्या. डोळे पांढरे करणारे दुकानातले थेंब घालू नका, म्हणाल्या. त्यांनी तात्पुरतं निवळतं आणि मग आणखी लाल होतं. एवढं करून नाहीच थांबलं, तर मळायचं सोडावं लागेल. त्याने सगळ्याला मान डोलावली. वडील कामाच्या मधेमधे खुंटीवरचं ओलं फडकं डोळ्यांवर धरून बसायचे. मुलाला वाटायचं, आदल्या दिवशीची उतरवतायत.

घरी जाताना तो दोनदा चुकीच्या गल्लीत वळला. जे घेऊन निघाला होता ते दाखवलं तर बायको राहणार होती. आणि तेच दाखवलं तर आईचं सगळं आयुष्य चुकीचं ठरणार होतं. हळूच बायकोला एकटीला सांगू, असं त्याने ठरवलं.

पण बायकोच दारात उभी होती. त्याचा हात बघून, सगळं ऐकून ती मटकन खुर्चीत बसली. “पिठानं?” ती म्हणाली. “पिठानं होय? मग आधी का नाही गेलात डॉक्टरकडे, मी बॅग पुसत बसले इथे मूर्खासारखी.” तिच्या आवाजात रडू होतं आणि हसूही होतं, आणि त्याने खूण करायच्या आत तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “आई, ऐकलंत का? पिठाची ॲलर्जी आहे ह्यांना. डॉक्टर म्हणाल्या, सुट्टीच्या दिवशी डोळे साफ होतात ना, तीच खूण.”

आई मटार सोलत होती. तिचा अंगठा शेंगेच्या फटीत तसाच राहिला.

“कसली खूण?”

“अहो, कामावर गेलं की लाल, सुट्टीत…” बायकोचं बोलणं मधेच तुटलं. आता तिलाही दिसलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

आईने शेंग उघडली, दाणे वाटीत पाडले. “त्यांची गोष्ट वेगळी होती,” ती म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. “त्यांनी शपथ घेतली होती. घेऊन मोडली.”

“हो आई,” बेकरीवाला म्हणाला.

“मग.”

त्याने विषय वाढवला नाही. मेलेल्या माणसाला सोडवून आणता येत नाही, आणि जिवंत आहे तिला कशाला अडकवायचं, असा हिशेब त्याने केला. पण आईचं बोलणं कमी झालं. एक शेजारीण नवऱ्याचं रडगाणं घेऊन आली, तर आई म्हणाली, “मला त्यातलं काही कळत नाही. तू त्याला डॉक्टरकडे ने.” शेजारीण बावचळून गेली. बाहेरच्या खोलीतली वडिलांची खुर्ची आईने एकदा पुसली, मग हलवली, मग पुन्हा होती तिथेच आणून ठेवली.

आणि एका सकाळी ती बेकरीच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. पहिला घाणा भट्टीतून निघाला होता. मुलगा पोहणाऱ्यासारखा मोठा चष्मा आणि तोंडावर पट्टी लावून पिठाचं पोतं सोडत होता. तिला ओळखायला त्याला क्षणभर लागला, कारण त्या जागी त्याने तिला कधीच पाहिलं नव्हतं.

“आई? घरी काही झालं का?”

“नाही. पिठाचं आंबवण कुठे ठेवता तुम्ही?”

त्याने कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केलं. तिने त्यावरचा ओला कपडा उचलला, वाकली आणि वास घेतला.

“हे तोंडाला लागतं?”

“हातांना, कपड्यांना, केसांना लागतं. आंबलं किती ते चाखून बघतो, म्हणून तोंडालाही.”

तिने करंगळी बुडवून जिभेला लावली. कपडा पुन्हा नीट पसरून ठेवला, कडा ओढून.

“त्यांनी मला एकदा बोलावलं होतं इथे,” ती म्हणाली. “ये, एकदा बघून जा म्हणाले. मी म्हटलं, गुत्त्यात मी पाय ठेवत नाही.”

मळायच्या यंत्राशेजारी वडिलांचं जुनं स्टूल होतं. खुंटीला फडकं होतं, मुलगा आता तेच वापरायचा. आई त्या स्टुलावर जाऊन बसली. कामगारांपैकी एकाने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान हलवली, राहू दे.

“आई, मी पीठ ओततोय. जरा बाजूला हो. डोळ्यांत जाईल.”

“जाऊ दे.”

त्याने पोतं कलतं केलं. पिठाचा लोट उठला आणि सावकाश खाली बसला. तिच्या केसांवर, हातांवर, उघड्या ठेवलेल्या डोळ्यांच्या पापण्यांवर. तिने डोळे मिटले नाहीत. दुसरं पोतं झालं, तिसरं झालं. यंत्र फिरत होतं. मग तिने मुलाला जवळ बोलावलं आणि भट्टीच्या उजेडाकडे तोंड वर केलं.

“बघ रे नीट. लाल झाले?”

त्याने चष्मा काढला आणि पाहिलं. म्हातारे, करडे, स्वच्छ डोळे होते.

“नाही, आई.”

तिने तोंड खाली केलं नाही.

“मला काहीच होत नाही,” ती म्हणाली.